हप्ते थकले होते, बँकेची नोकरी मिळेल?

प्रश्न : आयबीपीएसमधून क्लार्क म्हणून निवड झाली आहे. पूर्वी मोबाइलचे तीन हप्ते थकले, नंतर कंपनीशी तडजोड करून मिटवले. सिबिल आड येईल का?
– एक वाचक, धसई (ता. मुरबाड)

उत्तर : येऊ शकतं. रुजू होण्याआधी हालचाल करा. २०१६मध्ये कॅशलेस गाव म्हणून गाजलेल्या धसईच्या लोकांना वेगळं सांगायला नको, यंत्र काही विसरत नाही!

सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो आधी काढा. तुमच्या खात्यापुढे बहुधा ‘सेटल्ड’ असेल. म्हणजे कंपनीने काही रक्कम सोडून दिली. बँक याला पूर्ण फेड मानत नाही. उरलेले पैसे भरा, ‘क्लोज्ड’ नोंद करून घ्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. आयबीपीएसच्या जाहिरातीत अशा दाखल्याची सोय आहे. स्टेट बँक जास्त कडक. कर्ज फेडल्याचं सांगणाऱ्या उमेदवाराची तिथली रद्द झालेली नेमणूक २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही वाचवली नाही.

नोंदच चुकीची असेल तर सिबिलकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

पडताळणीच्या अर्जात मात्र काही लपवू नका. आणि दाखल्यावर कर्जखात्याचा क्रमांक नसेल, तर असा दाखला घेऊन घरी येऊ नका.