फ्रीजची तोटी

कापडे गावात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. पण ते पाणी डोंगरावरून वाहत सावित्री नदीला जाते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पाणी गढूळ येते.

एका घरी मुंबईहून फ्रीज आला. त्याच्या दाराला पाण्याची तोटी होती. एक दिवस तोटीतून पाणी येईना.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुरी घालून बघ."

"नको, आत्याबाई. आधी प्लग काढू."

सुनेने दार उघडले. आतल्या टाकीत पाणी होते. टाकी नीट बसली होती. बर्फही धरला नव्हता. मग तिने टाकी काढली. तळाशी गाळ! तोटीच्या तोंडातही गाळ! तिने दोन्ही कोमट साबणपाण्याने धुतली. मऊ ब्रशने गाळ काढला.

"आता भर विहिरीचं पाणी. गार झालं की चांगलं होतं."

"नाही हो. फ्रीज पाणी गार करतो, जंतू मारत नाही. गेल्या आठवड्यात बाळाला जुलाब झाले, आठवतं ना?"

सासूबाई गप्प झाल्या. मग उठून त्यांनीच पाणी फडक्याने गाळले. उकळी आल्यावर १ मिनिट खळखळू दिले. झाकून निववले. टाकी भरून घट्ट बसवली.

तोटी दाबली. पेला भरला. पाणी नितळ होते.

लक्षात ठेवा : तोटी बंद पडली तर क्रमाने पाहा – पाणी, टाकी, बर्फ, गाळ. बर्फ धरला तर प्लग काढून दार उघडे ठेवा. तो आपोआप वितळेल. टोचू नका. टाकी दर आठवड्याला धुवा. पाणी उकळूनच भरा.