छत काय सांगते?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत वरचा स्लॅब कोसळून ६ जण दगावले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात. परंतु जुना स्लॅब बहुधा कशाने दुबळा होतो, ते पाहू.

काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र फारच थोडा. भाराने स्लॅब किंचित वाकतो व मध्यभागी त्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून तेथे पोलादी सळया घालतात. काँक्रीटमधील अल्कलीमुळे सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता घटवतो. मग ओल व ऑक्सिजन मिळताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. त्याच्या रेट्याने काँक्रीट फुटते.

आता घराचे छत न्याहाळा. ओल ही पहिली खूण. तांबूस डाग म्हणजे आत गंज. सळईच्या रेषेत सरळ तडा, फुगवटा, गळणारे पोपडे, उघडी सळई या पुढच्या पायऱ्या. नुसता रंग दिल्याने खुणा झाकतात, गंज थांबत नाही.

फुगवट्याखाली बसू-झोपू नका. वडीलधाऱ्यांना लगेच सांगा. महाराष्ट्रातील महानगरपालिका क्षेत्रांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीची झाली आहे का, विचारा बरे!