काच उद्योग समजून घ्या: मुख्य प्रकार, उपयोग आणि छोट्या उद्योजकाची जागा



बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कुठेही चक्कर मारा. जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. नवीन फ्लॅट म्हटला की खिडक्या आल्या, आरसे आले, बाथरूमचं पार्टिशन आलं, किचनच्या कपाटाची दारं आली. हे सगळं बघून पुष्कळ जणांच्या मनात येतं, "काचेचं काहीतरी सुरू करू या."

विचार चांगला आहे. पण काय होतं, की काच ओळखायला शिकायच्या आधीच पहिली ऑर्डर घेतली जाते. मग एखादा तुकडा मापात चुकतो आणि सगळ्या कामाचा नफा घेऊन जातो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकीच्या जागी चुकीची काच बसते आणि कुणाला तरी इजा होते. म्हणून या लेखात आधी काच समजून घेऊ, आणि मग आपल्यासारख्या कमी भांडवलाच्या माणसाची जागा नेमकी कुठे आहे ते बघू.

१. काच बनते कशापासून?

मुख्य कच्चा माल तीन: सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी. सिलिका वाळू आपल्या सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातही निघते. नुसती वाळू वितळवायला फारच जास्त उष्णता लागते, सोडा ती गरज कमी करतो. पण फक्त वाळू आणि सोडा घेतला तर तयार होणारा पदार्थ पाण्यात विरघळतो, म्हणून चुना घालून ती टिकाऊ करतात. सोबत जुन्या काचेचा चुराही टाकतात. चुरा लवकर वितळतो, त्यामुळे इंधन वाचतं.

हे मिश्रण साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात. खिडकीची सपाट काच करायची तर हा रस वितळलेल्या कथलावर सोडतात. कथील जड, काच हलकी. ती वर तरंगते, पसरते आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होते. यालाच फ्लोट पद्धत म्हणतात. ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने ती १९५९ मध्ये जाहीर केली. आपल्या जवळ तळोज्याला असाही इंडिया ग्लासचा फ्लोट काचेचा कारखाना आहे.

अशी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं, दिवसरात्र चालू ठेवावी लागते. मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. तेव्हा काच "बनवणं" हा मोठ्या भांडवलाचा उद्योग आहे, हे आधी पक्कं लक्षात घ्या.

२. आपल्याकडची जुनी उदाहरणं

महाराष्ट्राला काच नवी नाही. तळेगाव दाभाडे इथला पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मध्ये उभा राहिला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरात पोचला. यात शिकण्यासारखं बघा: त्यांनी नुसती काच विकली नाही, काच वापरून रोज लागणारी एक वस्तू विकली.

उपनगरातलं उदाहरण म्हणजे बोरोसिल. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी, अमेरिकेच्या कॉर्निंगचं सहकार्य, आणि कारखाना अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्यांनी बीकर हातात धरलाय त्यांना हे नाव ठाऊक असेल. विक्रोळीला एम्पायर इंडस्ट्रीजचा व्हिट्रम ग्लास, औषधांच्या बाटल्यांसाठी ओळखला जाणारा.

मरोळचा तो कारखाना नंतर बंद झाला आणि जागा विकली गेली. उपनगरात जमिनीचा भाव असा चढला की भट्टीपेक्षा जमीनच महाग. उपनगरात आता उरतं ते भट्टीनंतरचं काम: कापणं, घासणं, भोक पाडणं, फ्रेम करणं, बसवणं, पुरवठा करणं. हे गाळ्यात होतं, आणि काही कामं तर गाळ्याशिवायही होतात.

३. मुख्य उत्पादनं आणि उपयोग

सपाट काच: खिडक्या, दारं, टेबलटॉप, शोकेस, आरसे, मत्स्यालय. आरसा म्हणजे मागे चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर आणि त्यावर रंग दिलेली सपाट काच. कडेने ओल शिरली की काळे डाग पडतात, म्हणून बाथरूमच्या आरशाची कड नीट बंद करायची.

बाटल्या आणि बरण्या: औषधं, लोणची, मसाले, मध, सरबतं. तपकिरी बाटली शोभेसाठी नसते. प्रकाशाने खराब होणारं औषध ती वाचवते.

बोरोसिलिकेट काच: हिच्यात बोरॉन असतो. तापल्यावर ती फार कमी प्रसरण पावते, त्यामुळे गरम-थंड सोसते. प्रयोगशाळेची भांडी, ओव्हनमधली भांडी, चहाचे ग्लास.

काचतंतू: काचेचे बारीक धागे. रेझिनमध्ये बसवले की फायबरची टाकी, पत्रा, मूर्ती, बोटीचा सांगाडा तयार होतो. त्याचाच लोकरीसारखा प्रकार उष्णता आणि आवाज अडवायला वापरतात.

४. पैसे आणि जीव वाचवणारा फरक

सपाट काचेत तीन प्रकार डोळे मिटून सांगता आले पाहिजेत.

साधी काच: कापता येते, घासता येते, स्वस्त पडते. फुटली की लांब, धारदार सुऱ्या होतात. फोटो फ्रेम, बंद शोकेस, छोट्या कपाटाचं दार इथे ठीक.

टफन काच: साधी काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटली तर बारीक, बोथट दाणे होतात. शॉवर पार्टिशन, काचेचं दार इथे हीच हवी. पण एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. बिजागरीची खाच, हँडलचं भोक, सगळं आधी.

लॅमिनेटेड काच: दोन काचांच्या मधे प्लास्टिकची फिल्म. फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. गाडीची पुढची काच अशीच असते. बाल्कनीच्या कठड्याला आणि डोक्यावरच्या छताला ही लागते. कारण सोपं आहे: नुसती टफन काच फुटली की दाणे खाली पडतात आणि कठडाच नाहीसा होतो.

सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे. टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का बघायची सवय लावा. ग्राहक म्हणेल, "बाथरूमला साधीच लावा, स्वस्तात होईल." तिथे नाही म्हणायचं. ती ऑर्डर गेली तर जाऊ दे.

५. कागदावर हिशोब करा

*वजन:* १ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. ७ फूट बाय ३ फूट दार, १२ मिलिमीटर जाड: क्षेत्रफळ साधारण १.९५ चौरस मीटर, वजन जवळपास ५८ किलो. एकट्याने उचलायची वस्तू नाही ही. हमाली, टेम्पो आणि फिटर धरूनच भाव सांगा.

*कापणी:* ६ फूट बाय ४ फूट शीट, म्हणजे २४ चौरस फूट. समजण्यापुरता ६० रुपये चौरस फूट दर धरू, शीट १४४० रुपयांची. ग्राहकाला ४ फूट लांब, १३ इंच रुंद फळ्या हव्यात. ७२ इंचांत पाचच बसतात, ७ इंचांची पट्टी उरते. एक फळी पडली २८८ रुपयांना. आता विचारा, "बारा इंच चालेल का?" मग सहा बसतात आणि एक फळी २४० ला पडते. कड घासण्यात एक-दोन मिलिमीटर जातात, तेवढं आधीच सांगून ठेवा. एका प्रश्नाने फळीमागे ४८ रुपये वाचले.

*चुकीची किंमत:* समजा टफनचा एक तुकडा ३००० ला विकता आणि त्यात ६०० सुटतात. माप चुकलं तर २४०० पाण्यात, कारण तो तुकडा दुरुस्त होत नाही. ते भरून काढायला चार तुकडे बिनचूक जायला हवेत.

म्हणून मोकळ्या जागेचं माप तीन ठिकाणी घ्या: वर, मधे, खाली. भिंती क्वचितच सरळ असतात. मिलिमीटरमध्ये लिहा, ग्राहकाची सही घ्या. टाइल्स लागल्यावरच शेवटचं माप. इमारतीच्या लिफ्टचंही माप घ्या, कारण लिफ्टमध्ये न मावणारी काच चौदाव्या मजल्यावर जिन्याने न्यावी लागते. आणि घाऊक दुकानात बिल करताना माप वरच्या किती इंचांना धरतात ते आधी विचारा. तुमचा भाव त्यावर ठरतो.

६. कुठून सुरुवात करता येईल?

- माप आणि फिटिंग सेवा: मशीन लागत नाही. काच तयार करून देणाऱ्याशी दर ठरवायचा, माप आणि बसवणं आपलं.
- आरसे आणि फ्रेम: छोटा गाळा पुरतो. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात फेरी मारा, काय चालतं ते कळेल.
- बाटल्यांचा पुरवठा: घरगुती लोणची, मसाले करणाऱ्या ताईंना शंभर बरण्या हव्या असतात, घाऊकवाला मोठीच ऑर्डर मागतो. मधली जागा तुमची. झाकण आणि लेबलसह द्या.
- मत्स्यालय: सिलिकॉनने जोडकाम. पाण्याच्या दाबाप्रमाणे जाडी ठरते, तेवढं शिकूनच हात घाला.
- काचेचं भंगार: रंगाप्रमाणे वेगळं केलं तरच चांगला भाव. बाटल्यांच्या चुऱ्यात बोरोसिलची भांडी मिसळू नका, ती वेगळ्या तापमानाला वितळतात आणि माल खराब होतो.

सॅंडब्लास्टिंग आणि अ‍ॅसिडने नक्षी करायची घाई करू नका. वाळूच्या धुळीने फुफ्फुसाचा सिलिकोसिस होतो, आणि काच खाणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड हाडापर्यंत पोचतं. सुरुवातीला फ्रॉस्टेड फिल्म लावून द्या.

साठवणुकीचं एक: काच आडवी रचू नका. लाकडी स्टँडवर किंचित कलती उभी ठेवा, मधे कागद घाला. मुंबईच्या पावसाळ्यात दोन शीटमध्ये ओल राहिली की पांढुरके डाग पडतात, आणि ते पुसून जात नाहीत.

नोंदणीसाठी उद्यम पोर्टल आहे, तिथे फी नाही. कर्ज हवं असेल तर केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना, दोन्हींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा.

या आठवड्याचं काम

आपल्या भागातल्या तीन काचवाल्यांकडे जा. ५ मिलिमीटर साधी, १० मिलिमीटर टफन आणि आरसा, तिन्हींचे दर, माप धरायची पद्धत आणि टफन करून मिळायला लागणारे दिवस वहीत लिहा. मग घरातल्या एका खिडकीचं माप तीन ठिकाणी घ्या आणि आकडे सारखे येतात का बघा. बहुतेक येणार नाहीत. तो फरक आधी स्वतःच्या घरात सापडू दे, ग्राहकाच्या घरात नको.

पुढच्या भागात फिटिंगच्या कामाचं कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत वही भरून ठेवा.