गोठ्याजवळील नळाची तोटी : बदलण्याची रीत व थंडीतील निगा

शेतकऱ्याच्या घरी सर्वांत अधिक वापर ज्या वस्तूचा होतो, परंतु जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, अशी वस्तू म्हणजे गोठ्याजवळील नळाची तोटी. जनावरांचे पाणी, भांडी धुणे, फवारणीचे पाणी, हातपाय धुणे ही सर्व कामे तिच्यावरच अवलंबून असतात. ऊन, पाऊस व थंडी तिला उघड्यावरच सोसावी लागते. ती गळू लागली म्हणजे तिला चिंधी बांधली जाते किंवा खाली बादली ठेवून काम भागविले जाते. असे महिनोन् महिने चालते आणि मग एखाद्या ऐन गरजेच्या दिवशी तोटी हातात येते. हा प्रसंग टाळणे अवघड नाही. त्यासाठी थोडे ज्ञान, दोन पान्हे व अर्ध्या तासाचा वेळ एवढेच पुरते.

गळतीचा हिशेब

गळती थेंबाथेंबाने होत असल्यामुळे ती क्षुल्लक वाटते. म्हणून प्रथम ती मोजावी. तोटी नेहमीप्रमाणे बंद करून तिच्याखाली एक लिटरचे माप ठेवावे व ते किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. माप अर्ध्या तासात भरले तर दिवसाला ४८ लिटर व वर्षाला १७,५२० लिटर पाणी वाया जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजेच एक गळकी तोटी जवळजवळ एका माणसाच्या वाट्याचे पाणी चिखलात घालविते. याशिवाय ते पाणी उपसण्यासाठी लागलेली वीज फुकट जाते, डबक्यात डास वाढतात आणि सतत ओल्या जागी उभ्या राहणाऱ्या जनावरांचे खूर नरम पडून दुखावतात, हे नुकसान वेगळेच.

दोष कोठे आहे?

गळती दिसताच तोटी फेकून देणे योग्य नव्हे. पाणी कोठून येते ते आधी पाहावे.

१. तोटी घट्ट बंद करूनही तिच्या मुखातून थेंब पडत असतील तर आतील वायसर झिजलेला असतो. तो थोड्या पैशांत बदलता येतो. मात्र वायसर ज्या पितळी कडेवर बसतो तिला चरे पडले असतील तर नवा वायसरही फार दिवस टिकत नाही. अशा वेळी तोटीच बदलावी.

२. तोटी उघडी असताना फिरविण्याच्या दांड्याजवळून पाणी झिरपत असेल तर तेथील भरण सैल झालेले असते. दांड्यावरील नट किंचित आवळल्याने बहुधा काम भागते.

३. तोटी व नळी यांच्या सांध्यातून पाणी येत असेल तर दोष आट्यांत असतो. तोटी काढून सांधा नव्याने भरावा लागतो.

४. तोटीच्या अंगाला चीर गेली असेल तर दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. ती बदलावी.

लागणारे साहित्य

नळीच्या मापाची पितळी तोटी (घरगुती नळाला बहुधा अर्धा इंच, म्हणजे १५ मिलिमीटर), टेफ्लॉनची फीत, दोन पाईप पान्हे, तारेचा ब्रश आणि जुने फडके एवढे साहित्य पुरेसे होते. पूर्वी सांधा भरण्यासाठी ताग व सफेदा वापरीत असत. जुन्या सफेद्यात शिसे असे व ते विषारी आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळावर टेफ्लॉनची फीतच वापरावी. तोटी खरेदी करताना ती हातात तोलून पाहावी. अगदी हलकी तोटी पातळ असते व तिचे आटे लवकर झिजतात.

बदलण्याची रीत

प्रथम नळाचा पाणीपुरवठा बंद करावा. टाकीवरून येणाऱ्या नळीला बंद करण्याचा कॉक असल्यास तो फिरवावा. नसल्यास या निमित्ताने तो बसवून घ्यावा. पुढील प्रत्येक दुरुस्ती त्यामुळे सोपी होते. नळ ग्रामपंचायतीच्या योजनेवरील असेल तर मुख्य वाहिनीला हात न लावता गावातील जलसुरक्षकास कळवावे. पुरवठा बंद झाल्यावर तोटी उघडून नळीतील पाणी वाहू द्यावे.

त्यानंतर एका पान्ह्याने नळी अथवा एल्बो घट्ट धरावा व दुसऱ्या पान्ह्याने तोटी डावीकडे फिरवून काढावी. एकाच पान्ह्याने जोर लावल्यास तोटी निघण्याऐवजी मागील नळीच पिळली जाते आणि भिंतीतील किंवा जमिनीतील सांधा सुटतो. नवशिक्याच्या हातून होणारी चूक बहुधा हीच असते. तोटी गंजून बसली असेल तर सांध्यावर थोडे रॉकेल किंवा पातळ तेल सोडून तासभर थांबावे.

तोटी निघाल्यावर आतील आटे ब्रशने व फडक्याने स्वच्छ करावेत. मग पुरवठा क्षणभर सुरू करून नळीतील गंज व वाळूचे कण बाहेर जाऊ द्यावेत. हे कण नव्या वायसरखाली सापडले तर पहिल्याच दिवशी त्याला चरा पडतो.

आता नव्या तोटीचे आटे स्वतःकडे करून धरावेत व घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फितीचे सहा ते आठ वेढे ताणून द्यावेत. उलट दिशेने गुंडाळलेली फीत तोटी बसविताना उलगडते. तोटी प्रथम हाताने बसवावी व शेवटी पान्ह्याने आवळावी. मुख खाली यावे म्हणून आवळलेली तोटी मागे फिरवू नये, कारण तसे केल्यास सांधा ढिला होतो. मुख जागेवर येत नसेल तर तोटी काढून वेढे वाढवावेत व ती पुन्हा बसवावी. नळी प्लॅस्टिकची असल्यास तोटीसाठी पितळी आट्यांचा एल्बो घ्यावा. प्लॅस्टिकच्या आट्यांवर अधिक जोर दिल्यास ते तडकतात.

शेवटी पुरवठा सुरू करून सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. तासाभराने कागद कोरडाच असेल तर काम नीट झाले असे समजावे. नळी नुसती जमिनीतून वर आलेली असेल तर ती लाकडी किंवा सिमेंटच्या खांबास दोन ठिकाणी बांधावी. जनावराने अंग घासल्यामुळे कितीतरी सांधे ढिले होतात.

फवारणीच्या पाण्याबाबत दक्षता

तोटीला रबरी नळी लावून तिचे टोक औषधाच्या पिंपात बुडवून ठेवण्याची सवय अत्यंत धोक्याची आहे. त्याच वेळी पुरवठा बंद पडला किंवा खालच्या बाजूला कोणी नळ उघडला तर पाणी उलटे ओढले जाते व पिंपातील विष पिण्याच्या पाण्याच्या नळीत जाते. म्हणून रबरी नळीचे टोक पिंपातील पाण्याच्या पातळीपासून नेहमी वीतभर वर ठेवावे. नळावर उलट झडप बसविल्यास अधिक चांगले, परंतु झडप बसविली म्हणून हे अंतर सोडू नये.

थंडी व नळ

महाराष्ट्रात नळातील पाणी गोठून नळी फुटण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तथापि आपल्याकडे गोठण होतच नाही, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात काही हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सियसच्याही खाली उतरतो आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठून पांढरा थर जमतो. तापमापक गोठणबिंदूच्या वर असताना दव कसे गोठते, असा प्रश्न शेतकरी विचारतात. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र व निवांत रात्री उघड्या आभाळाखालील गवत, पाने व फळ्या आपली उष्णता आकाशाकडे टाकून त्या हवेहून कित्येक अंशांनी अधिक थंड होतात. म्हणून अशा रात्री केवळ पाऱ्याच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

जेथे ही गोठण नित्याची आहे, तेथील अनुभव शिकण्यासारखा आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून सुमारे ४० दिवसांच्या कडक थंडीला चिल्लई कलान म्हणतात. त्या दिवसांत श्रीनगरसारख्या शहरातही सकाळी नळ गोठलेले आढळतात. लडाखमध्ये थंडी याहूनही तीव्र असते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. १०० लिटर पाण्याचा बर्फ १०९ लिटर जागा मागतो. नळीत बर्फाचा बोळा तयार झाला की तो बोळा व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि नळी किंवा तोटी फुटते. गोठताना ही फूट लक्षात येत नाही. बर्फ वितळल्यावर पाणी उसळू लागते तेव्हाच ती कळते.

यावर तेथील मुख्य उपाय म्हणजे जमिनीचा आसरा. थंडी जमिनीत ठरावीक खोलीपर्यंतच उतरते. त्या खोलीच्या खाली नळी पुरल्यास पाणी गोठत नाही. थंड देशांतील शेतांवर अशी तोटी वापरतात की जिची झडप जमिनीखाली असते व वर फक्त दांडा असतो. ती बंद केली की वरच्या उभ्या नळीतील पाणी तळाच्या छिद्रातून खडीत निचरून जाते. नळीत पाणीच उरले नाही, तर गोठणार काय? मात्र अशा तोटीला रबरी नळी जोडून ठेवल्यास निचऱ्याला अडथळा येऊ शकतो. म्हणून रात्री ती काढून ठेवावी लागते.

आपल्याकडील थंड भागांत पुढील साधे उपाय पुरतात. नळी वीत-दीड वीत तरी जमिनीखाली घ्यावी. यामुळे उन्हापासून व बैलगाडीच्या चाकापासूनही तिचे रक्षण होते. वर राहिलेल्या उभ्या भागाला गोणपाट किंवा उसाचे पाचट गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा. आवरण कोरडे असेल तरच ऊब धरते. भिजलेले गोणपाट उलट थंडी वाढविते. कडाक्याच्या रात्री रबरी नळी सोडून ठेवावी व मागील कॉक बंद करून उघड्या भागातील पाणी काढून टाकावे.

नळ गोठलाच, तर त्यावर जाळ धरू नये. धातूच्या नळीत कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होण्याचा संभव असतो व प्लॅस्टिकची नळी तर वितळतेच. तोटी उघडी ठेवून कोमट पाण्यात भिजविलेली फडकी तोटीपासून आरंभ करून मागे मागे लावीत जावीत.

हिमाच्या रात्री तोटीचे महत्त्व

जमिनीची हीच ऊब पिकाच्याही कामी येते. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना एक किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. २२ अंशांचे १,००० लिटर पाणी बागेत ७ अंशांपर्यंत थंड झाले तर १५,००० किलोकॅलरी उष्णता तेथे मिळते. शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा अधिक साठविते. म्हणूनच थंडीच्या लाटेत द्राक्षबागेला व भाजीपाल्याला रात्री किंवा पहाटे हलके पाणी देण्याची शिफारस केली जाते.

परंतु हा उपाय ज्या घटकेला करावयाचा ती घटका पहाटेची, काळोखाची व कडाक्याची असते. त्या वेळी गंजलेला कॉक फिरला नाही किंवा तोटी हातात आली, तर विहिरीत पाणी असूनही ते पिकापर्यंत पोहोचत नाही आणि वर्षाची मेहनत तेवढ्यासाठी धोक्यात येते. म्हणून शेतावरील प्रत्येक तोटी व कॉक दिवाळीपूर्वी एकदा उघडून व बंद करून पाहावा. जो अडतो त्याला तेल द्यावे व जो गळतो तो बदलावा.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ सांगून सोडू नये. शाळेतील किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातील एखादी गळकी तोटी निवडावी, प्रथम मापाने गळती मोजून ती फळ्यावर लिहावी, नंतर सर्वांसमक्ष तोटी बदलावी व उपस्थितांपैकी दोघांतिघांकडून फीत गुंडाळून घ्यावी. स्त्रियांना या प्रात्यक्षिकास आवर्जून बोलवावे, कारण नळाशी त्यांचाच संबंध अधिक येतो व दोष प्रथम त्यांच्याच ध्यानात येतो. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन सांधा पाहावा. पान्ह्यांची एक जोडी गावात सामाईक ठेवल्यास प्रत्येकाला ती विकत घेण्याची गरज उरत नाही, आणि बिघडलेली तोटी दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचे कारणही राहत नाही.