वादळानंतरचे पेट्रोल

उन्हाळ्याचे पेट्रोल वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? अमेरिकेत तसा नियमच आहे.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यांपैकी ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे अर्धा अंश सेल्सिअस आहे. थंडीत एंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून पेट्रोलमध्ये तो जास्त मिसळतात. शिवाय तो स्वस्तही पडतो. पण उन्हाळ्यात तेच पेट्रोल गाडीच्या टाकीतून भराभर वाफ होऊन उडू लागते. ही वाफ, धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कडक ऊन यांची गाठ पडली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. उंच आकाशात आपले रक्षण करणारा हा वायू खाली आला की डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. म्हणून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात तेथील पंपांवर कमी बाष्पदाबाचे पेट्रोल विकावे लागते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. मेक्सिकोच्या आखाताकाठचे तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले. वीज नाही, म्हणून पूर्वेकडे पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळांतील पंपही थांबले. वादळापासून दूरच्या राज्यांतही टंचाई भासू लागली. तेव्हा ३१ ऑगस्टला तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १५ सप्टेंबरपर्यंत देशभर हिवाळी पेट्रोल विकण्याची मुभा दिली. जास्त गंधकाचे डिझेलही चालेल असे ठरले. अशी सवलत एका वेळी जास्तीत जास्त वीस दिवसांची, हे बंधन त्याच महिन्यात झालेल्या कायद्यात होते.

हा नियम ढिला करता आला, कारण ओझोन हवेत फार टिकत नाही. वाफ थांबली की काही दिवसांत तो ओसरतो. अर्थात त्या दिवसांत ज्याला धाप लागली त्याचा त्रास खराच!

पडक्या घरांचे कोडे याहून कठीण होते. जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथेच रुतून बसतात आणि वीस-चाळीस वर्षांनीही कर्करोग उद्भवू शकतो. येथे पंधरा दिवसांची सवलत पंधरा दिवसांत संपत नाही. म्हणून घाई कितीही असो, अशी घरे पाडताना राडारोडा पाण्याने भिजवावा लागतो. ओले तंतू उडत नाहीत. ऊन लागून ते सुकले की पुन्हा फवारा मारायचा.