अंटार्क्टिकाला निघालेल्या भाच्यास



औलीतले प्रशिक्षण आटोपले आणि ‘भारती’ केंद्रावर हिवाळाभर मुक्काम पक्का झाला, ही बातमी पोचली. कपड्यांच्या आणि औषधांच्या याद्या घरात फिरताहेत. नात्यांची तयारी कुठल्याच यादीत नसते, म्हणून मावशीचे हे पत्र.

अंटार्क्टिकात माणूस सहसा एकटा नसतो. इस्रोच्या मंगला मणी 2016-17 मध्ये भारतीवर 403 दिवस राहिल्या, तेव्हा पथक 23 जणांचे होते आणि त्यात बाई त्या एकट्याच. सोबत असते, पण रोज तीच. महिनोन्‌महिने जहाज नाही, मध्ये काही आठवडे सूर्यही नाही. मग कोण कसा घास चावतो हेसुद्धा खुपू लागते.

खरोखर एकटे राहिले ते ॲडमिरल रिचर्ड बर्ड. 1934 च्या हिवाळ्यात, बर्फात पुरलेल्या खोपटात, हवामानाच्या नोंदी घेत. स्टोव्ह आणि जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांना अंथरुणाला खिळवले. सोबती आपल्यापायी अंधारात जीव धोक्यात घालतील, म्हणून बिनतारी यंत्रावर त्यांनी आजाराचा चकार शब्द काढला नाही. तरी सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या तळावर शंका आलीच, कारण संदेश तुटक येऊ लागले होते. तळावरचे थॉमस पोल्टर दोघांना घेऊन ट्रॅक्टरने निघाले. आधीचे प्रयत्न फसले होते. ऑगस्टमध्ये ते पोचले आणि एकासाठी बांधलेल्या खोपटात चौघांनी दोन महिने काढले. बर्ड यांचे धैर्य मोठेच, पण दुखणे लपवण्यात त्यांचा कित्ता गिरवू नकोस.

जवळच्या माणसाचा आधार शरीरालाही कळतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या 2006 सालच्या प्रयोगात 16 विवाहित स्त्रियांना विजेच्या धक्क्याची धास्ती घालून मेंदूची चित्रे घेतली. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली धास्ती उतरे. परक्याच्या हाताने तेवढी उतरत नसे. संसार जितका सुखाचा, तितका हा आधार मोठा. पण बिघडलेले नाते नुसते निरुपयोगी नसते, ते घातकही असते. संशोधक जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांना कडवटपणे भांडणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सावकाश भरताना दिसल्या. 2020 च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या. त्या घरांतही माणसे होतीच. तेव्हा सूनबाईशी जे काही धुमसते आहे ते निघण्यापूर्वी, समोरासमोर बसून मिटव.

वाईट बातमीचेही आधीच ठरवा. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना 1912 मध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. ते त्यांना कळले भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या तारेने. मंडालेहून टिळकांची पत्रे याच धोंडोपंतांकडे यायची. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाने सगळे खरे कळवावे, अशी व्यवस्था असावी. तुझ्या आईचे दुखणे जुने आहे. काही झाले तर लगेच कळवायचे की परतल्यावर, हे तूच सांगून जा.

आणि एक. अशा मुक्कामात अर्धा काळ सरल्यावर मन अधिक खचते, असे काही अभ्यासकांनी 1991 पासून मांडले आहे. सगळ्यांना ते तसेच आढळले नाही. तरी जूनमधला मध्यहिवाळ्याचा समारंभ झाला की फोन विरळ होऊ देऊ नकोस. बोलायला काही नसले तर जेवणात काय होते एवढे सांग. पलीकडे ते ऐकायला माणूस बसलेले असेल.

तुझी,
मावशी