ऑफिसचा फोन बदलण्याआधी भिंतीतली वायर बघा

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. इथली पतसंस्था, दवाखाना किंवा खत-बियाण्यांचं दुकान घ्या. टेबलं पाच ते दहा, बाहेरची लाइन एक-दोन. अशा ऑफिसला ‘सगळे फोन आयपीवर घ्या’ असं कोटेशन आलं, तर लगेच सही करू नका.

आधी फोनच्या मागची पिन बघा. चिमुकली असेल तर बहुधा साधा ॲनालॉग फोन. कॉम्प्युटरच्या नेटवर्क केबलसारखी रुंद असेल तर आयपी फोन, म्हणजे नेटवर्कवरून चालणारा. मधला एक प्रकार फसवा आहे: बटणांच्या रांगा असलेला डिजिटल फोन. पिन छोटीच, पण तो फक्त त्याच कंपनीच्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजवर चालतो. पॅनासोनिकने २०२२ मध्ये ईपीएबीएक्सच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे असे जुने सेट स्वस्त मिळाले, तरी पुढे सुट्या भागांचं काय, हे आधी विचारा.

आता आठ टेबलांचा ढोबळ हिशोब. साधा फोन हजाराच्या आसपास, म्हणजे आठ हजार. तीन लाइन-आठ एक्स्टेन्शनचा छोटा ईपीएबीएक्स बारा-पंधरा हजार धरा. वायर आधीच असेल तर काम वीस-तेवीस हजारांत होतं. साधा आयपी फोन साडेतीन ते साडेचार हजार. आठांचे अठ्ठावीस ते छत्तीस हजार. शिवाय फोनला केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच पाच-आठ हजार, नवी केबल वेगळी, आणि एक्स्चेंजचा बॉक्स किंवा मासिक भाडंही वेगळं. पीओई स्विच नसेल तर प्रत्येक फोनला ॲडॉप्टर लागतो, आणि तो अनेकदा खोक्यात नसतो.

विजेचाही खर्च आहे. आयपी फोन पाच वॅट खातो असं धरा. चोवीस तास चालू म्हणजे वर्षाला ४४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी आठ फोनांचे साडेतीन हजार. वीज गेली की फोनही बंद, म्हणून स्विचला यूपीएस हवाच.

‘फायबर आलं, आता जुना फोन चालणार नाही’ हे मात्र ऐकून घेऊ नका. फायबरच्या मोडेमला फोनचं पोर्ट असेल तर साधा सेट त्यालाच लागतो. फरक एवढाच, की तांब्याच्या लाइनला टेलिफोन एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून वीज गेली तरी फोन चालायचा. इथे मोडेमला छोटा यूपीएस लावावा लागतो.

आवाज खरखरतो म्हणून सेट फेकण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या फोनची रिसीव्हरला जोडणारी गुंडाळीची वायर काढून लावून बघा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, आणि ती वायर शंभराच्या आसपास मिळते.

आयपीचे पैसे कुठे वसूल होतात? कर्जत, श्रीगोंद्याला शाखा असेल आणि दिवसभर आपसांत बोलणं असेल तिथे. इंटरनेटवरून शाखेचं एक्स्टेन्शन थेट लागतं, आणि एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण १०० केबीपीएस पुरतात. एकाच इमारतीतल्या आठ टेबलांना माझं मत साध्या फोनलाच.

कोटेशनमध्ये स्विच, केबल आणि यूपीएस वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.